पाचवीच्या आतले दिवस : गर्भिणीचा जंतुसंसर्ग आणि नवजात अर्भक

भिलाई-३ हे एका रेल्वे स्थानकाचे नाव आहे आणि त्याच्याभोवती वसलेल्या गावाचेही. १९५९ साली भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली. त्या कारखान्यासाठी देशाच्या सर्व भागांतून जी माणसे आली, त्यांत विदर्भातील मराठी कुटुंबेही होती. त्यांच्या घरी मूल जन्मले म्हणजे पाचव्या दिवशी पाचवी पुजतात. शेजारच्या छत्तीसगढी घरी सहाव्या दिवशी छठ्ठी होते. पाट्यावरवंट्याची पूजा होते, कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, दिवा रात्रभर विझू देत नाहीत आणि घरातील एखादी वडीलधारी बाई जागी राहते. त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहून जाते, अशी समजूत आहे. एखाद्याच्या जन्माला चिकटलेल्या दुःखाला 'पाचवीला पुजलेले' म्हणण्याची आपली रीत याच रात्रीवरून आली. मुलाला नाव मिळते ते मात्र त्यानंतर, बाराव्या दिवशी.

या रीतींचा उगम कसाही झालेला असो, त्यांमागे एक अनुभव होता हे नाकारता येत नाही. जन्मलेले मूल पहिल्या आठवड्यात हाती लागेलच अशी खात्री कोणालाच नसे. आजची गणनाही तेच सांगते. जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांत जी बालके दगावतात, त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या सात दिवसांतच दगावतात. त्यांच्या मृत्यूची कारणे अनेक आहेत. अपुऱ्या दिवसांचे जन्म, जन्मतः श्वास न घेणे आणि जंतुसंसर्ग ही त्यांतील प्रमुख होत. या पुस्तिकेचा विषय तिसरे कारण हा आहे. त्याची उकल करू लागलो म्हणजे प्रथम ध्यानात येते ते हे, की हा रोग आवाज करीत नाही. आईच्या शरीरात तो असतो तेव्हा पुष्कळदा तिला काही जाणवत नाही. आणि मुलाच्या शरीरात शिरतो तेव्हा मूल ओरडण्याऐवजी गप्प होते.

गर्भाशयातील मूल पाणमोटीत असते. पाणमोटीची आवरणे शाबूत असतात आणि गर्भाशयाचे मुख घट्ट चिकट द्रवाने बंद असते, तोवर बाहेरच्या जंतूंना आत येण्यास बहुधा वाट नसते. योनिमार्गात मात्र जंतूंची वस्ती सदैवच असते. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी, काही तर उपकारकच असतात. दुग्धाम्ल निर्माण करणारे दंडाणू तेथील वातावरण आम्लधर्मी ठेवून इतरांना वाढू देत नाहीत. हा तोल बिघडला आणि उपद्रवी जंतू वर सरकले म्हणजे ते आवरणांपर्यंत पोचतात. तेथे दाह सुरू होतो. दाहातून प्रोस्टाग्लॅन्डिन नावाची द्रव्ये निर्माण होतात आणि हीच द्रव्ये कळा सुरू करणारी आहेत. अशा रीतीने, दिवस भरण्यापूर्वीच प्रसूती होण्याच्या अनेक प्रसंगांच्या मुळाशी जंतुसंसर्ग असतो. वरवर पाहणाऱ्याला मूल 'अपुऱ्या दिवसांचे म्हणून' गेले असे दिसते. परंतु ते अपुऱ्या दिवसांचे का झाले, हा प्रश्न मागे उरतो.

पाणमोट फुटल्यावर तर वाट मोकळीच होते. पाणी गेल्यानंतर प्रसूतीस अठरा तासांहून अधिक वेळ लागला, तर मुलास संसर्ग होण्याचा धोका वाढतो, असे वैद्यक मानते. म्हणून पाणी जाऊ लागले की कळा नसल्या तरी घरी वाट पाहत बसू नये, असे डॉक्टर सांगतात. त्या पाण्यास दुर्गंधी असेल किंवा बाईच्या अंगात ताप असेल, तर एक तासही फुकट घालविण्यासारखा नसतो.

दुसरी वाट रक्ताची. उपदंशाचे मळसूत्री जंतू आईच्या रक्तातून वार ओलांडून गर्भात जातात. गर्भारपणात आईच्या रक्ताची एक साधी तपासणी आणि वेळीच दिलेले पेनिसिलीन एवढ्याने मुलाचे पुढचे अरिष्ट टळू शकते. दूषित अन्नातून येणारा लिस्टेरिया हा जंतूही याच मार्गाचा. तिसरी वाट जन्ममार्गाचीच, कारण मूल त्यातून बाहेर येताना तेथील जंतू त्याच्या त्वचेवर, नाकातोंडात जातात. आणि चौथी वाट जन्मानंतरची : हात, कात्री, नाळेला लावलेली राख किंवा तेल, दवाखान्यातील नळ्या आणि पाळणे. या चौथ्या वाटेला दुय्यम समजण्याची चूक आपण वर्षानुवर्षे करीत आलो आहोत. तिचा विचार पुढे येईल.

आता आईकडे वळू. 'उन्हाळी लागणे' म्हणजे काय हे प्रत्येक मराठी बाईला ठाऊक आहे. लघवीस जळजळ, वारंवार जावेसे वाटणे, ओटीपोटात कळ. परंतु गर्भारपणातील मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग पुष्कळदा यांपैकी एकही लक्षण दाखवीत नाही. शंभर गर्भिणींत दोन ते दहा जणींच्या मूत्रात जंतूंची वाढ असते आणि त्यांना त्याची गंधवार्ताही नसते. १९५० नंतरच्या दशकात बॉस्टन येथील डॉक्टर एडवर्ड कास यांनी या मूक संसर्गाचा अभ्यास केला. मूत्राच्या एका मिलिलिटरमध्ये एक लाख किंवा अधिक जंतू असतील तर तो खरा संसर्ग समजावा, हा त्यांनी रूढ केलेला मापदंड आजही वैद्यकात वापरला जातो.

गर्भारपणीच हा संसर्ग धोक्याचा का व्हावा, याचे कारण शरीररचनेत आहे. गर्भधारणेतील संप्रेरकांमुळे मूत्रवाहिन्या सैल पडतात. वाढते गर्भाशय त्यांवर दाब देते, उजवीकडे अधिक. मूत्राचा प्रवाह मंदावतो आणि साचलेल्या पाण्यात शेवाळ धरावे तसे जंतू वर वर चढत मूत्रपिंडापर्यंत जातात. मूक संसर्गावर उपचार न केल्यास त्यांतील सुमारे पाव स्त्रियांना मूत्रपिंडदाह होतो, असे जुन्या अभ्यासांत आढळले. मग थंडी वाजून ताप, पाठीत दुखणे आणि त्या तापातच अकाली कळा. मूत्राची एक तपासणी आणि काही दिवसांच्या गोळ्या एवढ्याने ही साखळी पहिल्या कडीशीच तुटते. मात्र बाईला काहीच होत नसताना तिने तपासणीस जावे, हे घरातल्यांना पटवणे औषधाहून अवघड असते.

स्त्रियांचे हे मूक दुखणे किती पसरलेले आहे, याचा पहिला नीट हिशेब महाराष्ट्रातच मांडला गेला. भिलाईहून दुर्ग आणि राजनांदगाव ओलांडून पश्चिमेकडे व मग दक्षिणेकडे गेले की महाराष्ट्राचा गडचिरोली जिल्हा लागतो. १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्यातून तो वेगळा झाला. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तेथे 'सर्च' ही संस्था काढली. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शंभरांपैकी ९२ स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता. त्यांत जननमार्गाच्या संसर्गांचा वाटा मोठा होता. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरांत केवळ आठ होत्या. अंगावरून पांढरे जाणे हे बाईच्या जन्माबरोबर आलेलेच असते, असे मानून त्या दुखण्यासह नांदत होत्या. या तपासणीतील साऱ्याच स्त्रिया गर्भवती नव्हत्या. तथापि ज्या देहात पुढे मूल वाढणार, त्याच देहाची ही अवस्था होती.

मग एक सरळ विचार सुचतो. प्रसूतीच्या वेळी आईलाच जंतुनाशक औषध द्यावे; म्हणजे आईही वाचेल आणि मूलही. अमेरिकेत एका जंतूच्या बाबतीत हा विचार खरा ठरला आहे. माळेसारखे वाढणारे जे मालागोलाणू, त्यांचे गट रिबेका लान्सफील्ड या शास्त्रज्ञ बाईंनी १९३३ साली पाडले. त्यांतील 'ब' गट प्रथम गाईंच्या कासेच्या रोगाशी जोडला गेला होता. १९७० नंतर तोच अमेरिकेतील नवजातांच्या मृत्यूचे एक मुख्य कारण म्हणून पुढे आला. हा जंतू स्त्रीच्या शरीरात निमूटपणे राहतो, तिला त्रास देत नाही. म्हणून तेथे गर्भारपणाच्या अखेरीच्या आठवड्यांत प्रत्येकीची तपासणी करतात आणि जंतू आढळल्यास प्रसूतीच्या वेळी शिरेतून पेनिसिलीन देतात. १९९० च्या सुमारास दर हजार जन्मांत सुमारे १.८ मुलांना पहिल्या आठवड्यात हा रोग होई. पंचवीस वर्षांनी हे प्रमाण ०.२३ वर आले.

आपल्याकडे हेच का करू नये? ते करून पाहिलेही गेले, औषध मात्र वेगळे घेऊन. २०१९ ते २०२२ या काळात सात देशांत झालेल्या एका मोठ्या चाचणीत भारतातील दोन केंद्रे होती. एक बेळगावचे आणि दुसरे नागपूरचे. मराठी वाचकाला दोन्ही आपलीच वाटतील. एकूण २९,२७८ स्त्रियांना प्रसूतीच्या वेळी एकदाच गोळ्या देण्यात आल्या. निम्म्यांना अॅझिथ्रोमायसीन दोन ग्रॅम, उरलेल्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. कोणाला काय मिळाले हे देणाऱ्यासही ठाऊक नव्हते. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आईला गंभीर संसर्ग होणे वा तिचा मृत्यू होणे यांचे प्रमाण औषध न मिळालेल्यांत शेकडा २.४ होते, औषध मिळालेल्यांत ते १.६ झाले. एका गोळीच्या किमतीत एवढा लाभ क्वचितच मिळतो. परंतु मुलांचे काय? मृतजन्म, नवजाताचा मृत्यू किंवा नवजातास सेप्सिस यांचे एकत्रित प्रमाण औषध मिळालेल्या मातांच्या बाबतीत शेकडा १०.५ आणि न मिळालेल्यांच्या बाबतीत १०.३ असे आले. म्हणजे मुलांना काडीचाही फरक पडला नाही.

('सेप्सिस' हा शब्द मी मुद्दाम तसाच ठेवला आहे. त्याला 'जंतुरक्तता' असा प्रतिशब्द करता येतो आणि आमच्या परिभाषेच्या वहीत तो आहेही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कुजणे असा आहे. परंतु दवाखान्याच्या कागदावर आईला 'सेप्सिस' हाच शब्द दिसणार. वाचकाने तो तेथे ओळखावा, हे भाषाशुद्धीहून मला महत्त्वाचे वाटते.)

आई आणि मूल यांचे संकट एकच आहे ही आपली समजूत नागपूर-बेळगावच्या आकड्यांनी हलविली. हे समजून घेण्यास दिल्लीच्या एका अभ्यासाची मदत होते. २०११ ते २०१४ या काळात तेथील तीन मोठ्या रुग्णालयांत १३,५३० नवजातांचे निरीक्षण केले गेले आणि २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सेप्सिसचे सुमारे दोन तृतीयांश प्रसंग जन्मापासून ७२ तासांच्या आतलेच होते. एवढ्या लवकर होणारा संसर्ग आईकडून आलेला असणार, असे पाश्चात्त्य पाठ्यपुस्तक सांगते. परंतु येथे सापडलेले जंतू निराळेच होते. 'ब' गटाचे मालागोलाणू थोडे. अॅसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला आणि इ. कोलाय हेच पुढे होते. शिवाय पहिल्या तीन दिवसांत आणि त्यानंतर सापडणाऱ्या जंतूंत फारसा फरक नव्हता. जंतू सारखेच असतील तर त्यांचे घरही पुष्कळदा एकच असणार : प्रसूतिगृहाचे हात, ओली भांडी, नळ्या, पाळणे. अॅसिनेटोबॅक्टरच्या शंभर नमुन्यांपैकी सुमारे ८२ नमुने अनेक प्रतिजैविकांना दाद देत नव्हते. आईला दिलेली एक गोळी या जंतूंना कशी रोखणार? व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ साली डॉक्टरांना हात धुण्यास लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू उतरले, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते. तिचे काम अजून संपलेले नाही.

तेव्हा जेथे आईवरील औषधाने मूल वाचत नाही, तेथे मुलाकडेच पाहिले पाहिजे. आणि येथे दुसरी अडचण येते. नवजाताचे शरीर रोगाशी झगडताना दिसत नाही. आईच्या रक्तातील संरक्षक प्रतिपिंडे वारेतून मुलाकडे येतात, पण त्यांतील बरीचशी गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत येतात. सातव्या महिन्यात जन्मलेले मूल ती शिदोरी न घेताच निघालेले असते. त्याच्या श्वेतपेशींचा साठा थोडा, त्वचा पातळ. मोठ्या माणसाला ताप भरतो. अशा मुलाला पुष्कळदा ताप येतच नाही, उलट अंग गार पडते. ते रडत नाही. घरातली माणसे म्हणतात, बाळ किती शहाणे आहे, झोपूनच असते.

गडचिरोलीत हेच घडत होते. तेथे त्या काळी बहुतेक प्रसूती घरीच होत आणि आजारी नवजाताला तालुक्याच्या दवाखान्यात नेण्याची तयारी फार थोड्या घरांची असे. १९९३ साली 'सर्च'ने ३९ गावांत काम आरंभिले आणि तुलनेसाठी ४७ गावे निवडली. आरंभी या गावांत दर हजार जन्मांमागे सुमारे ६२ मुले पहिल्या महिन्यातच दगावत. १९९५-९६ या वर्षी ७६३ नवजातांचे घरोघर निरीक्षण केले गेले. त्यांतील ४० दगावले आणि त्या ४० पैकी २१ जणांच्या मृत्यूचे मुख्य कारण सेप्सिस किंवा न्यूमोनिया होते.

हे निरीक्षण कोणी केले, हे या हकिगतीतील खरे महत्त्वाचे. गावातीलच, पाचवी ते दहावी शिकलेल्या स्त्रियांनी. त्यांना 'आरोग्यदूत' म्हणत. जन्माच्या वेळी सुईणीबरोबर हजर राहणे, मुलाचे वजन करणे, त्याला उबेत ठेवणे, आईला पहिल्या चिकासह दूध पाजण्यास बसविणे आणि महिनाभर ठरलेल्या दिवशी घरी जाऊन मूल तपासणे, हे त्यांचे काम. प्रयोगशाळा नव्हती; रक्त तपासण्याचा प्रश्नच नव्हता. मग सेप्सिस ओळखायचा कशावरून? निरीक्षणांच्या नोंदींतून सात खुणा पुढे आल्या. पूर्वी नीट ओढणारे मूल दूध कमी ओढू लागते किंवा सोडते. रडणे क्षीण होते वा थांबते. हातपाय लुळे पडतात. पोट फुगते किंवा मूल उलट्या करते. अंग हाताला गार लागते. श्वास घेताना छाती आत ओढली जाते. बेंबीत पू होतो. यांतील कोणत्याही दोन खुणा एकाच वेळी दिसल्या, तर तो सेप्सिस धरावा.

या खुणांकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. त्यांतील बहुतेक बदल सांगतात. 'पूर्वी ओढत होते, आता ओढत नाही.' हा फरक पहिल्याने कोणाला कळणार? जी रात्रंदिवस मुलाजवळ आहे तिला. आईची साक्ष ही येथे वैद्यकाची सामग्री झाली.

खुणा दिसल्या की आरोग्यदूत प्रथम रुग्णालयात जाण्याचा सल्ला देई. घरच्यांनी नकार दिला, तर त्यांच्या संमतीने ती स्वतः जेंटामायसीनचे इंजेक्शन देई आणि तोंडाने कोट्रायमॉक्सझोलचे औषध. दहावीपर्यंतही न पोचलेल्या बाईने दोन-तीन दिवसांच्या मुलाला सुई टोचावी, ही कल्पना ऐकून आजही काहींच्या कपाळाला आठी पडेल, आणि शंका अयोग्यही नाही. तिचे उत्तर आकड्यांनीच द्यावे लागते. उपचार सुरू होण्यापूर्वी सेप्सिस झालेल्या १६३ मुलांपैकी शेकडा १६.६ दगावली होती. आरोग्यदूतांनी उपचार केलेल्या ७१ मुलांत हे प्रमाण २.८ आले. १९९७-९८ मध्ये या गावांतील नवजात मृत्यूचे प्रमाण हजारी २५.५ झाले. तुलनेच्या गावांशी हिशेब जमविला तर ही घट शेकडा ६२ होती. खर्च एका नवजातामागे सुमारे पाच डॉलर. डिसेंबर १९९९ च्या 'लॅन्सेट'मध्ये हा वृत्तांत छापून आला.

गाव आणि सरकार यांच्यामधले अंतर मात्र सुईने शिवता येत नाही. २०११ पासून 'आशा' कार्यकर्तीने नवजाताला घरी जाऊन पाहण्याची योजना देशभर लागू झाली. पण तिच्या पिशवीत इंजेक्शन नव्हते. २०१४ साली केंद्र सरकारने, मूल रुग्णालयात नेणे शक्य नसेल अशा विशिष्ट परिस्थितीत, प्रशिक्षित परिचारिकेला जेंटामायसीन देण्याची मुभा दिली. प्रयोग छापून येण्यास आणि मुभा मिळण्यास मध्ये चौदा वर्षे लोटली. सावधगिरी समजण्यासारखी आहे. जंतू निर्ढावत चालले असताना प्रतिजैविक सर्रास वाटणे योग्य नव्हेच. तरीही चौदा वर्षे हा काळ, ज्या घरचे मूल चौथ्या दिवशी दूध सोडते, त्या घराच्या दृष्टीने फार मोठा आहे.

छत्तीसगढात हे काम करणारी बाई 'मितानीन' या नावाने ओळखली जाते. या भागात दोन व्यक्तींनी विधिपूर्वक मैत्री जोडण्याची जुनी रीत आहे. असा जोडलेला मित्र तो मितान, मैत्रीण ती मितानीन. राज्य झाल्यावर दोनच वर्षांनी, २००२ साली, येथील आरोग्ययोजनेने हे नाव उचलले. 'आशा' योजना देशात आली ती त्यानंतर, २००५ साली.

आज प्रसूती बहुधा रुग्णालयात होते आणि आई-मूल दोन-तीन दिवसांत घरी येतात. म्हणजे जंतू रुग्णालयातून येण्याचा संभव वाढला, आणि खुणा दिसण्याचे दिवस मात्र घरी आले. ठरलेल्या क्रमानुसार कार्यकर्तीने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट द्यावयाची असते. पाचवी आणि छठ्ठी या दोन्ही पहिल्या दोन भेटींच्या मध्ये पडतात. त्या रात्री घर तसेही जागे असते आणि दिवाही लावलेला असतो. तिसऱ्या दिवशी आलेली मितानीन वजनकाटा झोळीला अडकवते, काखेत तापमापक धरते, बेंबी पाहते, घड्याळ समोर ठेवून श्वास मोजते. मग ती आईला विचारते, की काल जेवढे दूध ओढत होता तेवढेच आजही ओढतो का. आणि उत्तर येईपर्यंत कागदावर काही लिहीत नाही.